वहिनींना झोप लागली ही तक्रार की पावती?

कोल्हापूर परिसरातल्या एका फाउंड्रीमालकांचं पत्र आलं आहे. वय ५४, मुलं हाताशी आलेली, डोक्यावर कर्ज नाही. तरुणपणी टेम्पो चालवला, पुढे डिझेलच्या थोराड गाड्या चालवल्या, 'आता एक गाडी फक्त स्वतःसाठी घ्यायची आहे' असं ते लिहितात. मुंबईला जाऊन त्यांनी एकाच दिवशी दोन गाड्या चालवून पाहिल्या: सकाळी पोर्शे ९११ कॅरेरा ४ जीटीएस आणि दुपारी जेवणानंतर मासेराटी ग्रॅनटुरिझ्मो मोडेना. 'पोर्शेतून उतरलो तेव्हा हात थरथरत होते. मासेराटीत सौ. शेजारी बसली होती, ती चक्क झोपली. मग त्या गाडीत मजा ती काय? मन ९११ म्हणतंय, डोकं दुसरी म्हणतंय. मुलगा तर म्हणतो, ९११ सोडून दुसरी आणली तर मी बसणारच नाही. महिन्यातून दोनदा पुणं असतं, वर्षातून तीन-चार वेळा गोवा, आणि कमरेचं जुनं दुखणं आहे. या दोन्हींत सरस गाडी कोणती? आणि कामगारांसमोर, गावासमोर अशी गाडी आणावी का?' असा त्यांचा प्रश्न आहे.

नमस्कार.

तुमच्या पत्रातलं सगळ्यांत मोलाचं वाक्य तुम्ही तक्रार म्हणून लिहिलं आहे. अनोळखी गाडी, मुंबईचा रस्ता, नवरा पहिल्यांदाच ती गाडी चालवतोय, आणि शेजारी बसलेल्या बाईला झोप लागते. याहून मोठं प्रशस्तिपत्र मासेराटीसारख्या ग्रँड टूररला, म्हणजे लांब पल्ल्यासाठी घडवलेल्या आरामशीर, वेगवान गाडीला, देता येत नाही. ही जात त्यासाठीच जन्माला आली. १९४७ साली मासेराटीने जिनिव्हाच्या प्रदर्शनात ए६ १५०० मांडली. पिनिन फरिनाने तिची बॉडी घडवली होती, आणि तोवर शर्यतीच्या गाड्या करणाऱ्या त्या कारखान्याची रस्त्यावर चालवायची ती पहिली गाडी. सकाळी मिलानहून निघावं, दोघांचं सामान बरोबर असावं, संध्याकाळी समुद्रकिनारी उतरताना अंग आंबलेलं नसावं आणि तरीही मोकळ्या रस्त्यावर इंजिनाने निराशा करू नये, एवढीच त्या गिऱ्हाइकांची अपेक्षा होती. तुमचं पुणं आणि तुमचा गोवा याहून फार वेगळा नाही.

आता एक विचारतो. पोर्शे चालवताना शेजारी कोण होतं? पत्रात नाही, पण शोरूमचा माणूस असणार. म्हणजे एक गाडी तुम्ही सकाळी ताजेतवाने असताना, कौतुक करणारा माणूस शेजारी घेऊन चालवलीत आणि दुसरी जेवणानंतर, दमलेल्या बायकोला घेऊन. ही गाड्यांची तुलना झालीच नाही. तुम्ही दिवसाच्या दोन वेळांची तुलना केलीत. टेस्ट ड्राइव्हचं असंच असतं. दुकानाच्या दिव्याखाली पैठणी बघतात, तशी आपण ही गाडी बघतो. रस्ता त्यांनी निवडलेला, टायरमधली हवा नेमकी आणि वळणं कुठे घ्यायची हे ठरलेलं.

'सरस कोणती' हा प्रश्न मला पटत नाही, तरी कागदावरचा हिशोब करून टाकू. ९११ जीटीएस म्हणजे ३.६ लिटरचं आडवं सहा सिलिंडरचं इंजिन आणि त्याला विजेची जोड, मिळून ५४१ पीएस (अश्वशक्तीचं माप), शून्य ते शंभर तीन सेकंदांत. ग्रॅनटुरिझ्मो मोडेना म्हणजे तीन लिटरचं दोन टर्बोंचं व्ही६, ४९० पीएस, शंभरला ३.९ सेकंद. एकीचा कमाल वेग ३१२, दुसरीचा ३०२. आता हे आकडे बाजूला ठेवा. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर मर्यादा शंभरची, घाटात त्याहून कमी, आणि वर कॅमेरे. समृद्धी महामार्गावर १२०. दोन्ही गाड्या त्या मर्यादेला जांभई देत पोचतात. जर्मनीत राहणाऱ्या आणि वेगमर्यादा नसलेल्या ऑटोबानवरून रोज जाणाऱ्या एखाद्या मराठी वाचकाला तीनशेच्या आकड्याचा उपयोग असेल. कागल ते शिरवळ रस्त्यावर तुम्हाला तो नाही.

खरा फरक दोन चाकांच्या मधे आहे. ९११ च्या पुढच्या आणि मागच्या चाकांत साधारण २.४५ मीटर अंतर आहे, ग्रॅनटुरिझ्मोच्या २.९३ मीटर. ९११ साडेचार मीटरच्या थोडी पुढे जाते, मासेराटी जवळजवळ पाच मीटर. वजनात सुमारे दीडशे किलोंचा फरक. आखूड गाडीचं इंजिन मागच्या आसाच्याही मागे, त्यामुळे नाक हलकं. वळणात स्टिअरिंग फिरवलं की नाक लगेच ऐकतं, आणि बाहेर पडताना पाय दिला की मागची चाकं रस्ता धरून ठेवतात. आंबोली घाटात पहाटे एकटे निघालात तर तुमचे हात पुन्हा थरथरतील, याची खात्री मी देतो. पण तीच आखूड गाडी सातारा-कराड पट्ट्यातल्या डायव्हर्जनवर, जिथे पुलाच्या तोंडाशी डांबर दोन-तीन इंच खाली बसलेलं असतं, तिथे प्रत्येक धक्क्याला मान डोलावते. लांब गाडी तोच धक्का पसरवून घेते. त्यात मासेराटीला हवेचं सस्पेन्शन आहे, आणि तुम्ही चालवलेली जीटीएस तर साध्या ९११ पेक्षा दहा मिलिमीटर खाली आणि कडक बसवलेली.

आवाजाचंही तसंच. जीटीएसचे मागचे टायर ३१५ रुंदीचे, आणि ते तुमच्या पाठीमागे, कानांच्या जवळ. काँक्रीटच्या रस्त्यावर ते जो गोंगाट करतात, तो शोरूमच्या जवळच्या डांबरी रस्त्यावर कळत नाही. पुण्यापर्यंत चार-पाच तास तो ऐकणं वेगळं.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल की मी मासेराटीची वकिली करतोय. तर दुसरी बाजूही ऐका. आरामशीर गाडी म्हणजे दणकट गाडी, हा आपल्याकडे सर्रास समज आहे. ग्रॅनटुरिझ्मोचे पुढचे टायर २६५/३० आर २० आहेत, म्हणजे रस्ता आणि रिम यांच्यात रबराची भिंत जेमतेम ८० मिलिमीटर. जीटीएसला ती साधारण ८६. खड्डा दोघींनाही क्षमा करत नाही, आणि गाडी मऊ असली की खड्डा किती खोल होता हे कळायच्या आत रिम वाकलेली असते. स्टेपनी दोन्हींत नाही. पंक्चरच्या किटमधलं द्रव्य खिळ्याच्या भोकापुरतं चालतं, टायर कडेने फाटला तर गाडी फ्लॅटबेड ट्रकवरच जाते. या मापाचा टायर कोल्हापुरात त्याच दिवशी मिळेल अशी आशा ठेवू नका. कोणतीही घेतलीत तरी पुढचा एक आणि मागचा एक टायर घरी आणून ठेवा. पुढच्या आणि मागच्या चाकांची मापं दोन्ही गाड्यांत वेगळी आहेत, म्हणून एकाने भागत नाही.

आता तुमच्या 'मन आणि डोकं' या वाटणीकडे वळतो. ९११ म्हणजे वेडेपणा आणि ग्रँड टूरर म्हणजे शहाणपणा, असं तुम्ही धरून चालला आहात. पैशाच्या बाबतीत तर गोष्ट उलटी आहे. जुन्या गाड्यांच्या बाजारात ९११ ला गिऱ्हाईक लवकर भेटतं, मोठ्या इटालियन कूपेची, म्हणजे दोन दारांच्या गाडीची, किंमत भराभर उतरते. आणि रोज वापरता येईल अशी स्पोर्ट्स कार म्हणूनच ९११ साठ वर्षं टिकली आहे. आखूड असल्यामुळे ती पार्किंगला सोपी. पुढे बोनेटखाली दोन मऊ बॅगा मावतात, मागच्या जागेत बाकीचं सामान. सामान आणि माणसं मोजायची तर मात्र मासेराटी पुढे. तिची डिकी ३१० लिटरची आहे आणि मागे दोन मोठी माणसं खरोखर बसू शकतात. ९११ च्या मागच्या सीट म्हणजे पिशव्या ठेवायची गादी लावलेली जागा आहे. नव्या मॉडेलमध्ये कूपे मुळात दोनच सीटची येते, मागच्या सीट हव्या असल्या तर ऑर्डर देतानाच सांगाव्या लागतात. त्याचे वेगळे पैसे नाहीत, पण सांगायचं राहून गेलं तर नंतर पस्तावाल.

'फक्त स्वतःसाठी' हे तुमचे शब्द. पण तुम्ही सांगितलेला प्रत्येक प्रवास बघा. पुणं, तिथे मुलगी असते असं तुम्ही पुढे लिहिलं आहे, म्हणजे वहिनी बरोबर. गोवा, वहिनी बरोबर. एकट्याने पहाटे उठून घाटात जायचा बेत पत्रात कुठेच नाही. तो असेल तर प्रामाणिकपणे सांगा, लाजायचं कारण नाही. असेल तर माझं उत्तर बदलतं. नसेल तर ही गाडी दोघांची आहे, आणि दुसऱ्या माणसाचं मत तुम्ही अजून विचारलेलंच नाही. त्या झोपल्या एवढंच तुम्ही पाहिलंत.

म्हणून पुन्हा चालवून बघा, आणि या वेळी तुमच्या अटींवर. या किमतीच्या गाडीला गिऱ्हाइकाने दुसऱ्यांदा, जास्त वेळ गाडी मागितली तर कोणी वावगं मानत नाही. कोल्हापूरपर्यंत गाडी आणता येईल का ते विचारा. नाहीच जमलं तर किमान मुंबईहून लोणावळ्यापर्यंत न्या, घाटही होईल आणि काँक्रीटही. दोन्ही गाड्या एकाच रस्त्यावर, एकाच वेळी, एकाच माणसाला शेजारी बसवून चालवा. अर्धा रस्ता तुम्ही शेजारच्या सीटवर बसा. हे कोणी करत नाही, आणि सगळ्यांत जास्त कळतं ते इथेच. वहिनी गाडी चालवत असतील तर उरलेला अर्धा रस्ता त्यांना चालवू द्या. पहिल्या दहा मिनिटांत पिकअप बघायची हौस भागवून घ्या आणि मग तीसच्या वेगाने एखाद्या खराब रस्त्यावरून जा. वाटेत थांबून चारदा चढउतार करा. कमरेचं दुखणं सीटवर बसल्यावर कमी, उतरताना जास्त बोलतं. दोन्ही गाड्या खुर्चीपेक्षा फार खाली आहेत, दार लांब आहे, आणि शेजारी दुसरी गाडी लागलेली असताना ते पुरतं उघडत नाही. पंचावन्नाव्या वर्षी जमेल, पासष्टाव्या वर्षी काय, हेही मनात आणा.

स्पीड ब्रेकर हा विषय वेगळाच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे उंचवटा दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असायला हवा. तसा असेल तर दोन्ही गाड्या जातात. पण गावाच्या वेशीवर रात्रीत उगवलेल्या ब्रेकरला ते माप कोणी दाखवलेलं नसतं. पोर्शेला पुढचा भाग उचलण्याची सोय पैसे भरून मिळते. ऑप्शनची यादी कितीही कापा, पण ही आणि चांगली सीट कापू नका. मासेराटीचं हवेचं सस्पेन्शन तेच काम करतं. तुमच्या घराच्या आणि कारखान्याच्या फाटकातला उतार एकदा दोरी धरून मोजा. फाटकाशी अडणारी गाडी घरी येऊन उपयोग नाही.

आणि एक तिसरी वाट, जी तुम्ही पाहिलीच नाही. तुम्ही थेट जीटीएसवर उडी मारलीत. साधी ९११ कॅरेरा का नाही चालवली? ३९४ पीएस, शंभरला चार सेकंदांच्या जरा वर, आणि सस्पेन्शन इतकं कडक नाही. तिचे टायर पुढे १९, मागे २० इंचांच्या रिमवरचे, म्हणजे रबराची भिंत या दोघींपेक्षा जाड. आपल्या रस्त्यांना हेच हवं. तिला चारही चाकांना ताकद मिळत नाही, पण इंजिनाचं वजन मागच्या चाकांवरच असल्याने पावसात ती घाबरवत नाही, शिवाय रस्ता ओला आहे हे ओळखून सावध करणारी व्यवस्था तिच्यात आहे. २०२४ मध्ये बाजारात आल्या तेव्हा कॅरेरा १.९९ कोटींना होती आणि जीटीएस २.७५ कोटींना. मासेराटीही त्याच वर्षी २.७२ कोटींना आली. या सगळ्या शोरूमच्या किमती, रस्त्यावर येईपर्यंतच्या नव्हेत. म्हणजे साधी कॅरेरा घेतली तर पाऊण कोटी हातात राहतात. '९११ फार कडक आहे' म्हणून नाद सोडणाऱ्यांपैकी बरेच जण कडक ९११ च चालवून आलेले असतात.

पैशांचं झटपट सांगतो, कारण तुमचे सीए माझ्यापेक्षा नीट सांगतील. महाराष्ट्रात आयात केलेल्या किंवा कंपनीच्या नावावर घेतलेल्या गाडीला वाहन कर २० टक्के आहे. त्याची कमाल मर्यादा २०२५ मध्ये २० लाखांवरून ३० लाखांवर गेली. या किमतीच्या गाड्यांचे २० टक्के त्या मर्यादेच्या वरच जातात, म्हणजे कर कमाल मर्यादेइतकाच धरा. कंपनीच्या नावावर घेतलीत तरी जीएसटीचं क्रेडिट अशा मोटारीवर मिळत नाही, त्यामुळे 'कंपनीत घाल, फुकटात पडते' हे सांगणाऱ्या मित्राचं ऐकू नका. एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने बिलाबरोबर गोळा केलेला कर, भरावा लागेल, तो प्राप्तिकरात वळता करून घ्या. दुसऱ्या राज्यात पासिंग करून कर वाचवण्याच्या सल्ल्याकडे फिरकूही नका. आयात शुल्काचा मुद्दा मात्र महत्त्वाचा. पूर्ण बांधून येणाऱ्या महागड्या गाड्यांवर ते २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर एकूण ११० टक्के होतं, आणि युरोपीय संघाशीच्या व्यापार करारात हे शुल्क टप्प्याटप्प्याने उतरवण्याचा विषय आहे. बुकिंग आणि बिल यांच्यात महिने जातात. मधल्या काळात शुल्क बदललं तर फरक कुणाचा, हे बुकिंगच्या कागदावर लिहून घ्या. तोंडी आश्वासन नको. ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलबद्दल कंपनीचं म्हणणंही असंच लेखी मागा.

विम्यात झीरो डेप (घसारा न कापता भरपाई) आणि रिटर्न टू इन्व्हॉइस (गाडी पूर्ण गेली तर बिलाची किंमत) तर लोक घेतातच, तुम्ही इंजिन प्रोटेक्शनही घ्या. २०१९ आणि २०२१ चा पंचगंगेचा पूर तुम्ही पाहिला आहे, शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला होता. तेव्हा तुमच्या उंच डिझेल गाडीची चाकं भिजली असती त्या पाण्यात या गाड्यांचं इंजिन जाईल. म्हणून पावसाळ्यासाठी जुनी गाडी ठेवा, विकू नका. दोन्हींचं वर्कशॉप कोल्हापुरात नाही, तेव्हा सर्व्हिसला गाडी कशी नेणार, नेण्या-आणण्याचा खर्च कुणाचा, हेही आधीच विचारा.

मला काय वाटतं? तुम्ही लिहिलेले प्रवास खरे असतील तर जीटीएस तुमच्यासाठी नाही. मासेराटी की साधी कॅरेरा, एवढाच प्रश्न उरतो, आणि त्याचा निकाल शेजारच्या सीटवर लागावा. कॅरेरात दोन तास बसून वहिनी कुरकुरल्या नाहीत तर ती घ्या. तुमचं मनही तिथेच आहे, पैसेही वाचतात, विकतानाही जड जाणार नाही. कुरकुरल्या तर ग्रॅनटुरिझ्मो घ्या आणि नंतर 'राहिलीच ती ९११' असं वर्षभर ऐकवू नका.

कामगारांचं म्हणाल तर लोक चार दिवस फोटो काढतील, पोरं बोनेटवर हात ठेवतील. राग गाडीचा येत नसतो. पगार लांबलेला असताना गाडी आली की येतो. फाउंड्रीच्या धंद्यात मंदीचे महिने तुम्हाला ठाऊक आहेत, तेव्हा डिलिव्हरीची तारीख दिवाळीचा बोनस वाटून झाल्यानंतरची धरा. आणि आल्यावर लपवू नका. झाकून ठेवलेल्या गाडीबद्दल जास्त बोललं जातं.

चिरंजिवांचं सोपं आहे. शोरूममधली मागच्या सीटवाली ९११ मागा, त्यांना मागे बसवा, पुढे तुम्ही दोघं, आणि अर्धा तास फिरवून आणा. मग दुसऱ्या गाडीत बसणार की नाही ते पुन्हा विचारा.